सावित्रीकाठची नोंदवही

थंडीत सकाळी दहाच्या सुमाराला महाडच्या दादली पुलावरून खाली पाहिलं, तर काठच्या चिखलात मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. पुलावरून एसटी जाते, डंपर जातात, शाळेची मुलं जातात आणि कुणीही थांबत नाही. महाडकरांना मगर नवी नाही. कठड्याला रेलून उभा असतो तो बाहेरगावचा माणूस.

सावित्री जुन्या महाबळेश्वरला उगम पावते, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथून ती आंबेनळीच्या दऱ्यांतून पोलादपूरला उतरते, महाडजवळ काळ आणि गांधारी या नद्यांना पोटात घेते आणि दासगाव, आंबेतवरून बाणकोटच्या खाडीत जाते. भरतीचा जोर महाडपर्यंत जाणवतो, म्हणून तर महाड हे एके काळी बंदर होतं. म्हणजे डोंगरमाथ्यावरचं पिसा-अंजनीचं सदाहरित रान आणि खाडीतली तिवर-चिप्पीची कांदळवनं एकाच नदीला ओवलेली आहेत. मधल्या टप्प्यात ऐन-किंजळीचं पानझडी रान, भातखाचरं, कातळ, देवराया, डोह आणि एक मोठी रासायनिक औद्योगिक वसाहत.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘नोंद’ हा विषय कळवला, तेव्हा मला हेच खोरं आठवलं. इथं काय उगवतं, काय उडतं, काय सरपटतं याची नोंद कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. ती कशी होते आणि कोण करतं, हे पाहायला पावसाच्या तोंडावर मी महाडला उतरले आणि ऋतू पालटत गेले तशी पुन्हा पुन्हा जात राहिले.

कपाटातली वही

२००२ सालच्या जैवविविधता कायद्यानं आणि २००४ च्या नियमांनी प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती सक्तीची केली. त्या नियमांप्रमाणे समितीत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य असत. त्यांत किमान एक तृतीयांश महिला. या समितीचं मुख्य काम म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. तिच्यात रानातली झाडं-प्राणी येतात, तशीच शेतातली बियाणी, गुरांच्या जाती, औषधी उपयोग, जाणकारांची नावं आणि गेल्या दोन पिढ्यांत काय दिसेनासं झालं तेही येतं. कल्पनेमागे माधव गाडगीळ यांचं काम आहे. गावातल्या माणसाला आपल्या परिसराची जी माहिती असते ती विज्ञानाइतकीच मोलाची आहे आणि ती त्याच्याच हातानं, त्याच्याच भाषेत लिहिली जावी, हा आग्रह त्यांनी नव्वदच्या दशकापासून धरला.

महाराष्ट्राचं राज्य जैवविविधता मंडळ २०१२ मध्ये नागपुरात सुरू झालं. तरीही देशभर बहुतेक गावांत ही वही कोरीच राहिली. मग राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरपाई लावण्याचा इशारा दिला. पुढे जे व्हायचं तेच झालं. वर्षानुवर्षं न झालेल्या वह्या काही महिन्यांत धडाधड तयार झाल्या. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच जवळपास २८ हजार. एवढ्या गावांत शिवारफेरी काढून, म्हाताऱ्या माणसांशी बोलून, चार ऋतू पाहून वह्या भरायला ना माणसं होती ना वेळ.

एका ग्रामपंचायतीच्या कपाटातून काढलेली अशी एक वही मी पाहिली. छान बांधणी, रंगीत मुखपृष्ठ. आत झाडांची यादी अकारविल्हे. त्यानंतर दुसऱ्या एका गावाची वही पाहिली, तर तीच यादी, तोच क्रम आणि छपाईच्या चुकाही त्याच. ग्रामसेवक नवे होते. वही त्यांच्या आधीची. त्यांनी ती माझ्यासमोर पहिल्यांदाच उघडली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. घरकुलापासून पाणीपट्टीपर्यंत सगळं त्यांच्याच टेबलावर येतं. पण अशी वही नसलेलीच बरी, असं माझं मत झालं आहे. कोरी वही निदान काम बाकी आहे एवढं तरी सांगते.

वाळणचा डोह

बिरवाडीच्या बाजूनं आत गेलं की काळ नदीवर वाळणकोंड लागतो. दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये खोल डोह, वर झुलता पूल, काठावर वरदायिनीचं ठाणं. कुरमुऱ्याची मूठ पाण्यात टाकली की खालून काळसर पाठी वर येतात आणि पाणी उकळल्यासारखं हलतं. हे महसीर. देवीचे मासे म्हणून इथं त्यांना कुणी गळ लावत नाही, जाळं टाकत नाही. डोहाच्या तळाशी नथ घातलेला मासा आहे, असंही सांगतात.

उन्हाळ्यात काळ नदीची धार बारीक होते, जागोजागी ती तुटते. तेव्हा असे खोल कोंडच माशांना तगवतात. पाऊस पडला की हेच मासे पुन्हा नदीभर पसरतात. त्यामुळे एका डोहावर पाळलेल्या बंदीचा लाभ मैलोगणती पाण्याला मिळतो. हे कुठल्याही सरकारी आदेशानं झालेलं नाही. देवीच्या धाकानं आणि मायेनं झालं आहे.

पण नोंद करणाऱ्याचं काम ‘महसीर’ एवढं लिहून संपत नाही. महसीर अनेक प्रकारचे असतात आणि त्यांच्या ओळखीचा घोळ मोठा आहे. कावेरीतला प्रचंड वाढणारा कुबडधारी महसीर जगभरच्या गळबहाद्दरांना शंभरहून अधिक वर्षं ठाऊक होता, तरी त्याची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ म्हणून पक्की झाली ती २०१८ मध्ये. तोवर तो नामशेष होण्याच्या कडेला पोचला होता. एक मोठं कारण असं की, लोणावळ्याच्या उबवण केंद्रात वाढवलेल्या निळ्या पराच्या महसीरची पिल्लं चांगल्या हेतूनं कावेरीत सोडली गेली होती. पाहुणा फोफावला, घरचा मागे पडला. आपल्या नदीत मुळात कोण होतं हे आधी नीट लिहिलेलं असतं, तर निदान सोडण्यापूर्वी कुणी विचारलं असतं. म्हणून वाळणच्या डोहातल्या माशाची मापं, खवल्यांची मोजणी, छायाचित्र, जमलं तर पराचा एवढासा तुकडा तपासणीसाठी, आणि हे सगळं देवीच्या मानकऱ्यांना विचारून, त्यांच्यादेखत होणं गरजेचं आहे. इथले लोक नाही म्हणाले तर तेही मानलं पाहिजे. मासे राखले ते त्यांनी.

मगर, झेंडू आणि गाळ

सावित्रीतल्या मगरींवर उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर यांनी केलेल्या निरीक्षणांचा लेख २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ या संशोधनपत्रिकेत आला आणि महाडची मगर जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. त्यात एका कुत्र्याचा प्रसंग आहे. भटक्या कुत्र्यांनी पाठलाग केलेलं एक कुत्रं नदीत उतरलं. जवळच तीन मोठ्या मगरी होत्या. त्यांनी त्याला धरलं नाही, उलट तोंडानं ढकलत सुरक्षित काठाकडे नेलं, असं निरीक्षकांनी लिहिलं. त्याला करुणा म्हणायचं का, यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा. एका प्रसंगावरून मगरीचं मन कळत नाही. मला त्या लेखातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. नदीत सोडलेल्या झेंडूच्या फुलांत मगरी पुन्हा पुन्हा जाऊन पडतात, फुलं अंगावर वागवतात. निर्माल्य नदीत टाकण्याची आपली सवय आणि मगरीची सवय इथं एकमेकींत मिसळल्या आहेत. असं काही दिसतं ते रोज त्याच काठावर जाऊन बसणाऱ्यालाच.

मगरी मोजायच्याही रीती आहेत. हिवाळ्यात पाणी थंड असतं तेव्हा त्या उन्हासाठी बाहेर येतात, म्हणून मोजणी थंडीतल्या दिवसाउजेडी. रात्री होडीतून बॅटरी मारली की डोळे तांबडे चमकतात, पण डोळ्यांवरून लहान-मोठी सांगता येत नाही आणि बुडी मारलेली मगर दुसऱ्या वळणावर पुन्हा मोजली जाण्याचा धोका असतो. म्हणून तोच पट्टा, त्याच महिन्यात, दरवर्षी मोजावा लागतो.

आता गाळाचं. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं. त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. शहरात पाणी घरांच्या छतापर्यंत चढलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांनी नदीतला गाळ आणि बेटं काढा अशी मागणी लावून धरली. गाळ काढण्याची कामं त्यानंतर झाली. पूरग्रस्ताला मगरीचं घरटं सांगायला जाणं क्रूर वाटेल. पण मुद्दा पूरग्रस्त विरुद्ध मगर असा नाहीच. मादी हिवाळा सरताना काठच्या उंच, मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते. साधारण दोन महिन्यांनी, पावसाच्या आधी पिल्लं निघतात. गाळ काढायचे महिनेही नेमके तेच. कुठल्या काठावर घरटी असतात याची यादी हाती असली तर यंत्र पलीकडच्या काठापासून सुरू करता येतं. यादी नसली तर अंडी फुटली हे कुणाला कळतही नाही. महाडच्या वन्यजीवप्रेमींकडे आणि नदीकाठच्या मच्छीमारांकडे ही माहिती आहे. ती ग्रामपंचायतीच्या वहीत आणि पाटबंधारे खात्याच्या टेबलावर एकाच वेळी पोचत नाही, एवढंच.

पोलादपूरची चढण

महाडहून पोलादपूर वीसेक किलोमीटर. कवींद्र परमानंदांची समाधी असलेलं हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे, पण डावीकडे आंबेनळीला वळलं की महामार्गाचा आवाज लगेच मागे राहतो. पाऊस सुरू झाला की या उतारांवर दर पंधरवड्याला नवं काही उगवतं आणि जुनं मावळतं. सोनकी, तेरडा, कापरू, सीतेची आसवं ही पठारावरची मंडळी भाद्रपदात बहरतात. मे-जूनमध्ये काजवे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, तीही प्रत्येक डोंगरावर एकाच वर्षी फुलेल असं नाही. म्हणजे दोन दिवसांच्या पाहणीत तयार झालेल्या वहीत काय राहतं आणि काय निसटतं याचा अंदाज यावा.

थिओडोर कुकनं मुंबई इलाख्याची वनस्पतिसंपदा १९०१ ते १९०८ या काळात ग्रंथबद्ध केली. कोठारी आणि मूर्ती यांचा रायगड जिल्ह्याचा वनस्पतिग्रंथ १९९३ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं काढला. आजही कुठलंही पान ओळखायला बसलं की हे ग्रंथ उघडावे लागतात. त्यांच्या मागे शुष्क नमुन्यांचे गठ्ठे असतात: फांदी खुडायची, वर्तमानपत्रात दाबायची, कागद रोज बदलायचा. कोकणातल्या पावसात हे काम म्हणजे कसोटी. कागद सुकत नाही आणि पानावर बुरशी धरते. म्हणून एखाद्या गावकऱ्याच्या चुलीवरच्या माळ्यावर नमुने सुकत ठेवायचे, अशी सोय अभ्यासक करून घेतात.

देवरायांची गोष्ट वेगळी. पोलादपूरच्या वाड्यांवर अजून राई आहेत. कुठे मोठ्या, कुठे चार झाडांच्या. आत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात. सातवीण, बेहडा, आंबा, जांभूळ, त्यांच्यावर मांडीएवढ्या जाड वेली. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या. याच जिल्ह्यातल्या श्रीवर्धनजवळच्या गाणी गावची राई तोडण्यासाठी खुणा झाल्या होत्या. तिथं त्यांना गारंबीचा प्रचंड वेल आढळला. गुराला साप चावला तर त्याची साल न्यायला लांबून माणसं येत. तो वेल आसपास दुसरीकडे उरलाच नव्हता. एका वेलाची अशी नोंद झाली की राईचा प्रश्न गावच्या श्रद्धेपुरता राहत नाही; तोडायला आलेल्या माणसाच्या हातात कागद देता येतो.

एका वाडीवर राईच्या कडेला, ओल्या पालापाचोळ्याखाली, एका पोरानं मला देवगांडूळ दाखवलं. गांडुळापेक्षा मोठं, तुकतुकीत, वळ्यावळ्यांचं. साप नव्हे, गांडूळही नव्हे. बेडकाच्या वर्गातला हा बिनपायांचा उभयचर. पावसाळ्याखेरीज दिसत नाही आणि दिसला की बहुतेकदा साप समजून मारला जातो. त्या पोरानं मात्र तो काडीनं अलगद उचलून पुन्हा पाल्याखाली सोडला. त्याच्या आजीनं तसं शिकवलेलं होतं.

कातकरी वाडीवर

जंगलाची सर्वांत मोठी वही या भागात कातकऱ्यांच्या डोक्यात आहे. सरकार त्यांना विशेषतः असुरक्षित आदिवासी गट म्हणतं. एकेकाळी काताच्या, नंतर कोळशाच्या भट्ट्यांवर यांनीच राबायचं. आजही पावसाळा संपला की कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि वाडी रिकामी होते. वहीची बैठक नेमकी त्याच महिन्यांत ठेवली, तर जाणकारच गावात नसतो. हे कुणी ठरवून करतं असं नाही. पण होतं खरं.

मी गेले तेव्हा पाऊस नुकता लागला होता. एका मावशींच्या टोपलीत शेवळं, फोडशी, भारंगीची कोवळी पानं होती. शेवळं खाजरी, म्हणून त्यांच्याबरोबर काकडं हवंच, त्यांनी सांगितलं. ‘‘काकडाचं झाड तोडलंनी तर शेवळं खायची कशी ताई?’’ भाजी आणि झाड त्यांच्यासाठी एकच नोंद होती. छापील नमुन्यात त्यांचे रकाने वेगवेगळ्या पानांवर आहेत. कडू कंद चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळायचे, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा विष उतरतं. गेळफळ ठेचून डबक्यात टाकलं की मासे गुंगून वर येतात; पण हे साचलेल्या छोट्या पाण्यात, नदीत नाही. खेकडे, मुठे कधी धरायचे, पोटाखाली पिल्लं असलेली मादी सोडायची, हेही त्यांनी सांगितलं.

वळगणीच्या माशांवर मात्र त्या गप्प झाल्या. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहानं शेतात चढतात आणि तेव्हाच सगळे जण पाग, टोपल्या, मच्छरदाणी, मिळेल ते घेऊन उतरतात. ‘‘आमी चार धरत होतो. आता गाड्या येतात,’’ त्या म्हणाल्या. अंड्यानं भरलेले मासे पोत्यानं जाऊ लागले, तर पुढच्या पावसात चढायचं कुणी? वही प्रामाणिकपणे भरली तर हेही तिच्यात येईल आणि गावाला ते वाचावं लागेल.

देशी कोण, परकं कोण

यादी करायला बसलं की हा प्रश्न येतोच. काजू, मिरची, पेरू परदेशातून आलेले. तरी काजूवाचून कोकण कुणाला सुचणार नाही. त्यांना परकं म्हणून हाकलायचं कारण नाही. पण रानमोडी वेगळी. ओसाड दळी आणि रस्त्याच्या कडा तिनं व्यापल्या की खाली गवत राहत नाही, गुरं तिला तोंड लावत नाहीत. घाणेरीचं तसंच. लागवडीत सरसकट आलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीखाली फारसं काही रुजत नाही. नदीत तिलापिया. तेव्हा वहीत ‘देशी’, ‘परदेशी’ एवढं न लिहिता, ते इथं काय करतं हे लिहावं. शेतातल्या बियाण्यांनाही हाच न्याय. नाचणी-वरीची जुनी वाणं वरच्या वाड्यांवर म्हाताऱ्या बायकांच्या मडक्यांत असतील तेवढीच. या दोन तालुक्यांत माझ्या लेखी सर्वांत घाईची नोंद तीच आहे, कारण मडकं रिकामं झालं की ते वाण शोधायला दुसरं रान नाही.

शहरांत हे काम आता मोबाइलवर होतं. लॉस एंजलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन किनारी शहरांनी २०१६ मध्ये आपापल्या हद्दीतले जीव मोजण्याची चुरस लावली आणि पुढे जगभरची शहरं तिच्यात उतरली. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी ओहोटीला हाजी अली, जुहू, गिरगावच्या खडकांवर नागरिकांना घेऊन जातात, सांडपाण्याच्या त्या किनाऱ्यावर ऑक्टोपस, प्रवाळ, समुद्रगोगलगायी आहेत हे मुंबईकरांना त्यांनीच दाखवलं. महाड-पोलादपूरच्या महाविद्यालयीन मुलांनी हे जरूर करावं. मात्र मोबाइलमध्ये येतो तो फोटोसाठी थांबणारा जीव. पिसोरी हरीण थांबत नाही. बियाण्याचा फोटो निघतो, ते कधी पेरायचं ते त्यात येत नाही.

वहीची किल्ली

एका वाडीवरच्या बैठकीत वहीचा विषय निघाला आणि दोन तट पडले. यादीत जागा लिहायची की नाही? एका बाईंचं म्हणणं, फोडशी कुठल्या माळावर ते नसेल तर वहीचा उपयोग काय. उद्या तो माळ विकला गेला तर दाखवणार काय? या भागात डोंगरच्या डोंगर खासगी मालकीचे आहेत, लाकडाचा सौदा झाला की उतार एका हंगामात उघडा होतो. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसऱ्या बाजूला एक वनमजूर होते. ते म्हणाले, खवल्या मांजराचं बीळ कुठं ते लिहिलंत, तर पुढल्या आठवड्यात ते रिकामं असेल. खवल्यांसाठी या जनावराची चोरटी शिकार कोकणात होते, टोळ्या पकडल्या जातात. तेही खरं.

तोडगा त्यांनीच काढला. वहीचे दोन भाग. पहिला सगळ्यांसाठी, ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा: भाज्या, बियाणी, झाडं, राई, पाणवठे, जागांसकट. दुसरा बंद: खवल्या मांजर, गिधाडांची घरटी, औषधी कंदांच्या जागा आणि ज्या वैदूला आपली औषधं उघड करायची नाहीत त्याचं फक्त नाव. कायद्यालाही हे मान्य आहे. सांगणाऱ्यानं गुप्त ठेवायला सांगितलं तर ते गुप्त ठेवता येतं आणि बाहेरच्या कंपनीनं माहिती वापरली तर लाभाच्या वाटणीची तरतूदही आहे. बंद भागाची किल्ली कुणाकडे, यावर मात्र एकमत झालं नाही. सरपंच पाच वर्षांनी बदलतो, ग्रामसेवकाची बदली होते. शेवटी समितीतल्या दोन बायका आणि कातकरी वाडीचा एक माणूस अशी तीन नावं पुढे आली.

गिधाडांचा उल्लेख तिथं सहज आला नव्हता. २००६ मध्ये गुरांच्या औषधांतल्या, गिधाडांना विषारी ठरलेल्या डायक्लोफिनॅकवर बंदी येईपर्यंत देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. याच जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यात चिरगावला महाडच्या ‘सीस्केप’ संस्थेनं, प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकारानं, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वसाहत राखली. मेलेली गुरं तिथवर पोचवण्याची व्यवस्था केली, गावाला सोबत घेतलं. झाडांवरची घरटी वर्षानुवर्षं मोजली गेली म्हणून तर वाढ की घट हे सांगता येतं. लांब चोचीची गिधाडं कड्यांवर घरटी करतात आणि या दोन तालुक्यांना कड्यांची वाण नाही. गिधाडं दिवाळीच्या सुमारास घरट्यांना लागतात. त्या बैठकीत ठरल्याप्रमाणे नोव्हेंबरात वरच्या कड्यांची पाहणी धनगरवाड्यावरची मुलं करणार आहेत, कारण गुरं घेऊन रोज तिथं जातात ती तीच. जानेवारीत मगरींची मोजणी. बीळ आणि घरट्यांची पानं लिहायला बैठक मार्चमध्ये नको, कातकरी भट्टीवर असतात, ती मेच्या शेवटी घ्यायची, हे कातकरी वाडीच्या माणसानं सांगितलं आणि इतिवृत्तात तसं लिहून घेतलं गेलं.